नाव, मजुरी आणि कुलूप : लेखनहक्काचा एक इतिहास

१

माझे वडील गायन पार्टीत होते. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून पेटी, ढोलकी आणि खंजिरी घेऊन सात-आठ माणसे निघत आणि भीमजयंती, बुद्धजयंती, लग्न, जलदान विधी, जिथे बोलावणे येईल तिथे रात्रभर गात. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. गाणी मात्र ते स्वतः रचत. दिवसा विहिरीच्या खोदकामावर सुचलेली ओळ रात्री माझ्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवत. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव येई. हे नाव कसे गुंफायचे यावर पार्टीत तासतास चर्चा चाले.

१९९८ साली शहरातल्या एका कॅसेट कंपनीचा माणूस गावात आला. त्याने आठ गाणी घेतली, पाचशे रुपये दिले आणि एका कोऱ्या कागदावर सही घेतली. चार महिन्यांनी कॅसेट बाजारात आली. तिच्या वेष्टनावर गीतकार म्हणून भलत्याच माणसाचे नाव होते. एवढेच नव्हे, तर शेवटच्या कडव्यांतले वडिलांचे नाव काढून तिथे त्या माणसाचे नाव बसवले होते. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. वडिलांनी ती कॅसेट एकदाच ऐकली. आजूबाजूच्या गावांतल्या पार्ट्या त्यांची गाणी कधीपासूनच म्हणत होत्या आणि त्यांना त्याचा आनंदच होता. म्हणून मी विचारले, "मग आताच राग का?" ते म्हणाले, "आपल्या पोरायनं म्हणलं तं ते आपलंच हाय. पण त्यानं माझं नाव काढून सोताचं घातलं. हे त्यानं बरं नाही केलं."

दोन वर्षांपूर्वी मी वडिलांना मोबाइलपुढे बसवून त्यांतले एक गाणे म्हणायला लावले आणि ते इंटरनेटवर टाकले. तासाभरात नोटीस आली : या गाण्याचे स्वामित्व दुसऱ्या कंपनीकडे आहे. ज्याने गाणे रचले तो स्वतःच्याच गाण्याचा चोर ठरला!

याच्या शेजारी मला दुसरी एक आठवण ठेवायची आहे. २००९ मध्ये मी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसतिगृहात राहून बी. ए. करत होतो. बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथमालेचा पहिला खंड आम्हां चौघा मित्रांना हवा होता. जिथे तो मिळायला हवा होता तिथे 'शिल्लक नाही' एवढेच उत्तर मिळाले. अखेर एका प्राध्यापकांकडून खंड आणून आम्ही तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स केला. 'जातिप्रथेचे विध्वंसन' मी प्रथम वाचले ते त्या झेरॉक्सच्या शाई सांडल्यासारख्या काळ्या पानांवर. कायद्याच्या काटेकोर अर्थाने तीही चोरीच होती. परंतु ती चोरी केली नसती तर आज मी इतिहास शिकवत नसतो.

म्हणजे एकीकडे हक्क न पाळल्यामुळे माझ्या बापाची लूट झाली आणि दुसरीकडे हक्क मोडल्यामुळे मी घडलो. मग कॉपीराइट आणि पेटंट या गोष्टी निर्मात्याच्या आणि समाजाच्या हिताच्या आहेत की विरोधात? हा प्रश्न वकिलांवर आणि प्रकाशकांवर सोडून देण्याची आपल्याला सवय आहे. तो आपला प्रश्न आहे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

२

स्वामित्वहक्क हा एकच हक्क आहे असे समजून आपण बोलतो आणि तिथेच गफलत होते. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. पहिली, ही निर्मिती माझी आहे असे सांगण्याचा हक्क : नाव. दुसरी, तिच्यावर कोणी कमावत असेल तर त्यात माझा वाटा : मजुरी. तिसरी, इतर कोणी ती छापू नये, गाऊ नये, भाषांतर करू नये असे सांगण्याची सत्ता : कुलूप. या तिन्ही गोष्टी आपल्या वाट्याला इतिहासात सारख्या आलेल्या नाहीत.

आधी नावाचे पाहू. गावगाड्यात महार, मांग, चांभार, ढोर यांच्या श्रमाला आणि कसबाला नाव नव्हते. मोट चामड्याची, पण ती शिवणारा निनावी. हलगीशिवाय गावचा एकही सोहळा होत नसे, पण ती वाजवणाऱ्याची ओळख जातीपुरती. त्याला मिळणारे बलुते ही मजुरी नव्हती, कारण मजुरी मागता येते आणि नाकारताही येते. अशा व्यवस्थेत चौदाव्या शतकातला मंगळवेढ्याचा एक महार आपल्या अभंगाच्या शेवटी 'चोखा म्हणे' असे बजावतो, तेव्हा ती केवळ काव्याची रूढी राहत नाही. ज्याला मंदिराची पायरी ओलांडता येत नव्हती त्याने शब्दांत आपली हद्द आखली होती. चोखोबांचे अभंग मंगळवेढ्याच्या अनंतभट्टाने लिहून घेतले असे परंपरा सांगते. लेखणी दुसऱ्याची असली तरी नाममुद्रा चोखोबांची राहिली.

सोयराबाईच्या अभंगांत हीच गोष्ट अधिक बोचते. तिची मुद्रा आहे ती 'चोखियाची महारी'. तिथे नवरा आहे, जात आहे, तिचे स्वतःचे नाव मात्र नाही. दलित स्त्रीच्या निर्मितीची मालकी किती पदरांखाली झाकली गेली याचा हा लेखी पुरावा आहे. तमाशातही तेच दिसते. पठ्ठे बापूरावांची लावणी त्यांच्या नावावर राहिली. ज्या महार समाजातल्या पवळाने आपल्या गळ्याने आणि अदाकारीने ती महाराष्ट्रभर नेली, तिच्या वाट्याला आख्यायिका आली. आपल्या देशाच्या कायद्याला गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंताचा वेगळा हक्क मान्य करायला १९९४ साल उजाडावे लागले.

नाममुद्रेची ही परंपरा आंबेडकरी जलशांत आणि गायन पार्ट्यांत जिवंत राहिली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी कोणाच्या परवानगीने पसरली नाहीत. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. प्रत्येकाच्या शेवटी 'वामन' होता, म्हणून ती कोणाची हे सांगायला कागद लागला नाही. गाणे सर्वांचे, पण नाव रचणाऱ्याचे, असा हा अलिखित करार होता. गाणे कोणीही म्हणावे, मात्र नाव काढू नये. वडिलांचा राग या कराराच्या भंगाचा होता, हे मला फार उशिरा कळले.

३

आता छापील कायद्याकडे वळू. छापखाना आल्यावर इंग्लंडात पुस्तके छापण्याचा मक्ता लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघाकडे होता. राजसत्तेलाही ते सोयीचे होते, कारण मोजक्या हातांत छपाई असली की नको ते छापणाऱ्यावर नजर ठेवता येते. म्हणजे कुलपाचा जन्म लेखकाच्या भल्यासाठी झालेला नाही. १७१० साली राणी ॲनच्या काळात जो कायदा झाला, त्याने हक्क प्रथमच लेखकाकडे दिला. मुदत चौदा वर्षांची, आणि तेव्हा लेखक हयात असेल तर आणखी चौदा. विद्येला उत्तेजन देणे हा आपला हेतू असल्याचे त्या कायद्याच्या शीर्षकातच म्हटले होते. लेखकाला काही काळ कमाई आणि नंतर पुस्तक सर्वांचे, असा तो सौदा होता.

पुढे ही मुदत वाढवावी म्हणून मागणी सुरू झाली. १८४१ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क देण्याचे विधेयक आले. त्याला कडाडून विरोध केला तो मेकॉलेने, ज्याला आपण शिक्षणाच्या खलित्यामुळे आणि दंडसंहितेमुळे ओळखतो. त्याचा मुद्दा असा की स्वामित्वहक्क हा वाचकांवर बसवलेला कर आहे. लेखकाचे पोट भरावे म्हणून तो सोसावा, पण गरजेपेक्षा एक दिवसही जास्त नको. त्याने आणखी एक भीती बोलून दाखवली : लेखक मेल्यावर हक्क ज्यांच्या हाती जाईल त्यांना ते पुस्तक गैरसोयीचे वाटले तर ते छापणारच नाहीत. ते विधेयक पडले. १८४२ च्या इंग्लंडच्या कायद्यात आणि त्याच धर्तीवर कंपनी सरकारने १८४७ साली हिंदुस्थानात केलेल्या कायद्यात एक तरतूद आली : लेखकाच्या मृत्यूनंतर हक्कदार पुस्तक पुन्हा छापायला नकार देत असेल तर सरकार दुसऱ्या कोणाला परवाना देऊ शकेल.

१९१४ च्या कायद्याने मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षांवर नेली. पण त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हिंदुस्थानात प्रथम छापलेल्या पुस्तकाच्या भाषांतरावर लेखकाचा एकाधिकार फक्त दहा वर्षे ठेवला होता. त्या अवधीत त्याने स्वतः भाषांतर केले नाही वा करवले नाही, तर पुढे कोणालाही करता येई. इतक्या भाषांच्या देशात ज्ञान एका भाषेत कोंडून ठेवता येत नाही, एवढे भान परक्या सरकारच्या कायद्यालाही होते.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. त्यातही मुदत पन्नास वर्षांचीच होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपू नये म्हणून ऐन वेळी अध्यादेश निघाला आणि १९९२ मध्ये कायदा दुरुस्त होऊन मुदत साठ वर्षांची झाली. ती एका कवीपुरती वाढली नाही, सर्वांचीच वाढली. ज्या साठ वर्षांना मेकॉलेने नकार दिला होता ती आपण दीडशे वर्षांनी स्वीकारली. या निर्णयाने दलित वाचकाचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही आला नसावा.

४

या सर्व इतिहासाची खरी कसोटी लागते ती बाबासाहेबांच्या ग्रंथांवर.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणातली काही विधाने गाळावीत, असे मंडळाचे म्हणणे पडले. बाबासाहेबांनी ते मानले नाही आणि परिषदच रद्द झाली. ते भाषण त्यांनी स्वतः छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली होती, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम भाषांतरे चालू होती. इथे लेखकाचा हक्क आपल्या पूर्ण तेजाने दिसतो. माझ्या शब्दांत मी दुसऱ्याला हात घालू देणार नाही, हा त्याचा अर्थ. पण तेच शब्द कोणत्याही भाषेत जाऊ देण्याबद्दल अडवणूक नाही. नावाचा आणि शब्दांचा हक्क कडक आणि प्रसाराची वाट मोकळी, हा बाबासाहेबांचा व्यवहार होता. त्यांनी व्यावसायिक प्रकाशकांनाही पुस्तके दिली. चाळिसाच्या दशकातली त्यांची अनेक पुस्तके मुंबईच्या थॅकर कंपनीने काढली. तेव्हा लेखकाने मोबदला घेऊच नये असे त्यांचे मत होते, असा अर्थ कोणी काढू नये.

छापण्यासाठी पैसा लागतो, हे त्यांना अखेरपर्यंत सलत राहिले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये होता. सरकारने पाचशे प्रती विकत घ्याव्यात, असे त्यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिले. बुद्धजयंतीसाठी ठेवलेली रक्कम संपली, असे उत्तर आले. ग्रंथ प्रकाशित झाला तो १९५७ मध्ये, बाबासाहेब गेल्यानंतर. म्हणजे हक्क पूर्णपणे त्यांचा होता, पण हक्काने छपाईचे बिल भागत नाही. ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याच्या हातात कॉपीराइट हा नुसता कागद असतो.

६ डिसेंबर १९५६ नंतर कुलपाचा इतिहास सुरू होतो. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वारसाहक्काच्या वादामुळे न्यायालयीन ताब्यात गेली आणि पेट्यांत बंद झाली. ज्या समाजाला त्यांची सर्वांत जास्त गरज होती त्याने दोन दशके त्यांची केवळ वार्ता ऐकली. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांची मागणी साधी होती : हे लेखन मला छापू द्या, नाहीतर सरकारला छापायला सांगा, कारण ही राष्ट्राची ठेव आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. वसंत मून यांनी वारसांच्या संमतीने ही हस्तलिखिते मिळवण्यासाठी, जुळवण्यासाठी आणि छापण्यासाठी जे कष्ट घेतले, त्यांचे ऋण न फेडता येण्यासारखे आहे. स्वस्त किमतीत ते खंड खेड्यापाड्यांत पोहोचले, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु एकाच हाती छपाई असण्यात जो धोका असतो तो लवकरच पुढे आला. १९८७ मध्ये चौथा खंड निघाला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यातल्या राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून गदारोळ झाला, अमरावतीत प्रत जाळण्यात आली, मोर्चे निघाले आणि जानेवारी १९८८ मध्ये शासनाने खंड मागे घेतला. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत दलितांचा विराट मोर्चा निघाला, तेव्हा कुठे तडजोड होऊन खंड पुन्हा उपलब्ध झाला. या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप मात्र त्याला चिकटली. आपण त्या लढ्याकडे अस्मितेचा लढा म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण तो छपाईच्या हक्काचाही लढा होता. पुस्तक कोणालाही छापता येत असते तर मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने ते बाजारातून उठले नसते. मेकॉलेची भीती खरी ठरली होती. फरक इतकाच, की त्याला वारसांची भीती होती, इथे राज्यसंस्थाच कचरली.

त्यानंतरही कधी राजकारण आडवे आले, कधी निव्वळ दिरंगाई. खंडांच्या नऊ लाख प्रती छापायचे ठरले, कागदही खरेदी झाला, पण चार वर्षांत फक्त तेहतीस हजार प्रती छापून झाल्या, अशी बातमी वृत्तपत्रात आली. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. ज्या ग्रंथासाठी चैत्यभूमीवर लोक रांग लावतात तो कागद गोदामात पडून राहतो, याला काय म्हणावे?

आता हिशेब करू. जुन्या पन्नास वर्षांच्या मुदतीने बाबासाहेबांच्या हयातीत प्रकाशित झालेले सर्व ग्रंथ १ जानेवारी २००७ रोजी मुक्त झाले असते. १९९२ च्या दुरुस्तीमुळे ते १ जानेवारी २०१७ पर्यंत लांबले. आम्ही चौघांनी २००९ मध्ये केलेली ती झेरॉक्स या वाढीव दहा वर्षांतली. एका संस्थेचे उत्पन्न टिकावे म्हणून जी भिंत उंच केली, तिच्या सावलीत मराठवाड्यातली चार पोरे उभी होती.

आणि मरणोत्तर प्रकाशित लेखनाला आपला कायदा वेगळी मोजणी लावतो : प्रकाशनापासून साठ वर्षे. त्यामुळे १९८७ मध्ये प्रथम छापले गेलेले 'रिडल्स' आणि तिसऱ्या खंडातले अप्रकाशित लेखन कायद्याने २०४७ अखेर मुक्त होईल. म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर एक्क्याण्णव वर्षांनी! जे लेखन आधीच तीस वर्षे बंद राहिले त्यालाच कुलूप सर्वांत लांब. आज या खंडांच्या प्रती इंटरनेटवर सरकारी संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ती सवलत आहे, हक्क नाही. सवलत काढून घेता येते, हे आपण १९८८ मध्ये पाहिले.

५

यावर आपल्यातलेच काही मित्र म्हणतील की आता कुठे आपली माणसे लिहायला लागली, त्यांची पुस्तके पाठ्यक्रमांत आली, इंग्रजीत गेली, चार पैसे मिळू लागले आणि नेमके आता तुम्ही म्हणता हक्क सोडा. हा आक्षेप गंभीर आहे. दलित लेखकाने समाजकार्य म्हणून फुकट लिहावे ही अपेक्षा वेठबिगारीचीच नवी आवृत्ती आहे, आणि तिला माझा ठाम विरोध आहे.

पण अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण पाहा. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, लोकनाट्ये, पोवाडे. 'फकिरा' १९५९ ची. १९५७ चा कायदा अमलात होता, प्रत्येक ओळीचा हक्क कायद्याने त्यांचा होता. तरी १९६९ मध्ये ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात विपन्नावस्थेत गेले. त्यांच्या पुस्तकांवर मात्र २०२९ अखेरपर्यंत कायद्याचे संरक्षण आहे. जिवंत लेखकाला जे रक्षण मिळाले नाही ते त्याच्या मृत्यूला साठ वर्षे होईतो चालू राहते, तेव्हा त्या रक्षणाचा धनी कोण, हे विचारलेच पाहिजे. हक्क उपाशी माणसाला थांबण्याची ताकद देत नाही. संध्याकाळच्या पिठाची सोय नसलेला माणूस एकरकमी पैसे घेतो आणि सही करतो. लूट होते ती इथे, करार करताना. मुदत साठ वर्षे असो की शंभर, त्याने या लुटीत पैशाचाही फरक पडत नाही.

उलट, ज्या तरतुदी खरोखर निर्मात्याच्या उपयोगाच्या आहेत त्या आपल्याला ठाऊकच नसतात. १९९४ च्या दुरुस्तीनंतर, करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क केवळ पाच वर्षांसाठी दिला असे धरले जाते. हक्क विकला तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा अधिकार विकला जात नाही, असे कलम ५७ सांगते. ध्वनिमुद्रणासाठी गीत दिले तरी स्वामित्वधनातला समान वाटा गीतकाराकडेच राहतो, हे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. गाणे लिहिले की हक्क जन्मतो, नोंदणी सक्तीची नाही. या चार वाक्यांपैकी एकही वडिलांना कोणी सांगितले नव्हते. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस, मलाही ती चाळिशीच्या उंबरठ्यावर कळली.

विद्यार्थ्यांच्या बाजूने झालेला एक निकालही आपण लक्षात ठेवला पाहिजे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि त्याच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमातली निवडक पाने एकत्र करून विद्यार्थ्यांना देणे हा त्यांच्या मते गुन्हा होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही अध्यापनासाठी अशा प्रती काढण्याचे तत्त्व मान्य केले आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या पोरांनी हा निकाल पाठ करावा.

पेटंटच्या बाबतीत कुलपाची किंमत पैशांत नव्हे, आयुष्यात मोजावी लागते. १९७० च्या आपल्या कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेवर दिले. दुसऱ्या रीतीने तेच औषध स्वस्तात बनवण्याची वाट त्यामुळे खुली राहिली. जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली २००५ मध्ये ही व्यवस्था बदलली. पण सक्तीच्या परवान्याचे कलम शिल्लक राहिले. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नियंत्रकांनी कर्करोगावरच्या एका औषधासाठी असा परवाना दिला, तेव्हा महिन्याला सुमारे दोन लाख ऐंशी हजारांचे औषध सुमारे आठ हजार आठशेला मिळू लागले. मूळ कंपनीला विक्रीतला ठरावीक वाटाही ठेवला होता. शोध लावणाऱ्याची मजुरी आणि कुलूप या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता?

आणि नाव मिळाले तरी ते कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते. चर्मकार बांधवांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाला, कोल्हापुरी चपलेला, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा कंपनीने तशाच चपला आपल्या म्हणून मिरवल्या. टीका झाल्यावर त्यांचे मूळ तिने कबूल केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये याचिका फेटाळली गेली, कारण दाद मागायला यायचे ते मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांनी. धारक कोण? महाराष्ट्र आणि कर्नाटक शासनांची दोन चर्मोद्योग महामंडळे. डिसेंबरमध्ये कंपनीने या महामंडळांशी करार केला. त्याचा लाभ आरीने चामडे टोचणाऱ्या हातापर्यंत किती पोहोचतो, हे त्या हातांनीच विचारले पाहिजे. हक्क समूहाच्या नावाने आणि सही दुसऱ्याची, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

६

तेव्हा स्वामित्वहक्क हवा की नको, असा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. त्याची गाठ सोडवून एकेक पदर तपासला पाहिजे. नावाचा हक्क कधीही संपता कामा नये. ज्यांना शतकानुशतके निनावी ठेवले त्यांनी तो सोडणे म्हणजे पुन्हा गावकुसाबाहेर जाणे आहे. मजुरीचा हक्क निर्मात्याच्या हयातीत त्याच्याच हातात राहिला पाहिजे, आणि एकरकमी खरेदीने तो हिरावता येणार नाही अशी व्यवस्था हवी. कुलूप मात्र जितके लवकर उघडेल तितके बरे. विशेषतः जे लेखन एका समाजाच्या मुक्तीचे साधन आहे, ते कोणत्याही वारसाच्या, प्रकाशकाच्या किंवा सरकारच्या मर्जीवर राहता कामा नये. 'रिडल्स'साठी २०४७ ची वाट आपण का पाहावी? मरणोत्तर लेखनाची ही मोजणी बदलावी, अशी मागणी विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांनी केली पाहिजे. आणि प्रत्येक गायन पार्टीच्या पेटीत करार कसा वाचावा हे सांगणारे चार पानांचे पत्रक असले पाहिजे. ते लिहिण्याचे काम माझ्यासारख्या शिकलेल्या पोरांचे आहे.

इंटरनेटवरच्या त्या नोटिशीला मी उत्तर पाठवले. वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वहीच्या पानांची छायाचित्रे जोडली. दावा कायम असल्याचे कळवण्यात आले. लढतो आहे. दरम्यान, मागच्या जयंतीला आम्ही त्या वह्यांतली एकेचाळीस गाणी पुस्तिका करून छापली. आतल्या पानावर 'सर्व हक्क स्वाधीन' असे घालावे काय, असे मी वडिलांना विचारले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि जे सांगितले ते तसेच छापले आहे : "कोणीबी म्हणावं, कोणीबी लिहून घ्यावं. इकून पैसा कमावणार असंल त्यानं सांगून जावं. नाव काढू नये."